क्रिएटिनिन वाढलंय, दाखवायचं कुणाला?

प्रश्न : आईचं वय ६०. नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.४ आलं. माझा भाऊ २५ वर्षांचा, व्यायाम करणारा. त्याचंही गेल्या वर्षी १.४ च होतं आणि त्याला कुणी काही म्हटलं नाही. आईला मात्र फॅमिली डॉक्टर 'किडनीवाल्यांना एकदा दाखवून घ्या' म्हणतात. ओळखीतून कळलेले डॉक्टर युरोलॉजिस्ट आहेत. चालतील का?

उत्तर : नाही. युरोलॉजिस्ट म्हणजे मूत्रमार्गाचे सर्जन. मुतखडा, प्रोस्टेट, गाठ, मार्गातला अडथळा हे त्यांचं काम. गाळण्याची ताकद कमी होणं, लघवीतून प्रथिनं जाणं, अंगावर सूज, कशानेच आटोक्यात न येणारा रक्तदाब, डायलिसिस हे सगळं नेफ्रोलॉजिस्टचं. दोघांच्याही पाटीवर किडनीचं चित्र असतं, तिथेच घोळ होतो. अपवाद एकच : सोनोग्राफीत लघवी अडून किडनी फुगलेली दिसली, तर युरोलॉजिस्ट आधी. अडथळा तसाच ठेवून औषधं देण्यात अर्थ नसतो.

आता १.४ चं. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा, किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, त्यामुळे तोच आकडा दोन माणसांत वेगळं सांगतो. वय आणि लिंगही धरणाऱ्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात घातला, तर तुमच्या आईचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या ताकदीचा अंदाज, साधारण ४३ येतो आणि भावाचा ७१ च्या आसपास. भावाचे स्नायू भरदार असतील तर खरी ताकद त्याहूनही बरी असू शकते. आईचे ४३ मात्र दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत.

पण लगेच धावायचीही गरज नाही. जुनाट विकार म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून अधिक टिकलेला दिसावा लागतो. मधल्या काळात एक तपासणी करून घ्या, जी बहुतेक पॅकेजमध्ये नसते : लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर, म्हणजे एसीआर. सकाळची पहिली लघवी द्यायची. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशी दमवणारी मेहनत असेल तर पुढे ढकला, आकडा खोटा वाढतो. एसीआर ३० (मिग्रॅ/ग्रॅम) च्या आत असेल आणि ईजीएफआर स्थिर असेल, तर फॅमिली डॉक्टर बराच काळ सांभाळू शकतात. एसीआर ३०० च्या वर, ईजीएफआर ३० च्या खाली किंवा घसरण वेगाने, यातलं काहीही दिसलं तर नेफ्रोलॉजिस्ट हवाच.

लघवी एकाएकी कमी झाली, धाप लागू लागली, पोटॅशियम ६ च्या वर गेलं किंवा क्रिएटिनिन चार दिवसांत दुप्पट झालं, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका. थेट आपत्कालीन विभागात जा.

प्रश्न : खासगी प्रॅक्टिस करणाऱ्या तीन नेफ्रोलॉजिस्टची नावं मिळाली आहेत. एकांचं छोटं क्लिनिक आहे, दुसरे मोठ्या रुग्णालयात बसतात, तिसऱ्यांचं स्वतःचं डायलिसिस सेंटर आहे. निवडायचं कसं?

उत्तर : आधी वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव आणि नेफ्रोलॉजीतली पात्रता तपासा. पाटीवरचं 'किडनी स्पेशालिस्ट' म्हणजे पात्रता नव्हे. मग फोन करा. स्वागतकक्षाला विचारायचे प्रश्न असे : पहिल्या भेटीत तपासणार कोण, स्वतः डॉक्टर की सहायक? ते कोणत्या रुग्णालयांत पेशंट भरती करतात? रजेवर असले तर कोण बघतं? दोन भेटींच्या मधे रिपोर्ट आला आणि पोटॅशियम वाढलेलं निघालं, तर तो कोण बघणार आणि आम्हाला कोण कळवणार? फी आणि फेरतपासणीचे पैसे किती? तपासण्या त्यांच्याच लॅबमध्ये करायची सक्ती आहे का?

यातला मधल्या रिपोर्टचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच लोक विचारत नाहीत. किडनीची औषधं सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत रक्त तपासावं लागतं. रिपोर्ट फाइलमध्ये पडून राहिला तर तपासणीचा उपयोग काय? 'व्हॉट्सॲपवर टाका, डॉक्टर वेळ मिळाला की बघतील' हे उत्तर आम्हाला पुरेसं वाटत नाही. 'अमुक जण त्याच दिवशी बघतात आणि फोन करतात' हे चांगलं.

छोट्या क्लिनिकमध्ये डॉक्टर तोच राहतो, जुनी फाइल त्याच्या डोक्यात असते. दीर्घ आजारात ही मोठी गोष्ट. अडचण भरती करायची वेळ आली की येते, म्हणून रुग्णालयाशी संलग्नता आधी विचारायची. मोठ्या रुग्णालयात सोयी एका छताखाली, पण दर खेपेला नवा चेहरा दिसू शकतो. स्वतःचं डायलिसिस सेंटर असणं हा दोष नाही. उलट मशिन, पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा, तंत्रज्ञ यांच्यावर मालकाची नजर राहते. फक्त डायलिसिस सुरू करायचा सल्ला मिळाला की कारण विचारा : नुसता आकडा, की लक्षणं? मळमळ, न आवरणारी सूज, औषधांना न जुमानणारं पोटॅशियम अशी कारणं सांगता यायला हवीत. नाही सांगता आली, तर दुसरं मत घ्या. दुसऱ्या मताचा राग येणारा डॉक्टर वर्षानुवर्षं झेपणार नाही.

माहिती काढायची आणखी एक चांगली जागा म्हणजे डायलिसिस सेंटरचा प्रतीक्षाकक्ष. आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तास तिथे काढणाऱ्यांच्या घरच्यांना कोण फोन उचलतं आणि कोण नाही, हे पक्कं ठाऊक असतं.

'क्रिएटिनिन उतरवून देतो' अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. खाणं फार तोडलं की स्नायू झिजतात आणि क्रिएटिनिन उतरतंही. किडनी मात्र होती तिथेच असते, माणूस तेवढा खंगतो. आणि घटक न लिहिलेल्या जडीबुटीत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत असेलच असं नाही. वजन उतरवायच्या गोळ्यांत ॲरिस्टोलोकिया ही वनस्पती गेली आणि बेल्जियममध्ये अनेक तरुण स्त्रियांच्या किडन्या कायमच्या गेल्या. हे १९९३ मध्ये उजेडात आलं.

प्रश्न : पहिल्या भेटीला काय काय न्यावं?

उत्तर : जुने सगळे क्रिएटिनिनचे रिपोर्ट, कितीही मागचे. दहा वर्षांपूर्वी विम्यासाठी केलेला असला तरी. एका कागदावर दोन रकाने आखा, तारीख आणि आकडा. पाच वर्षांत १.२ वरून १.६ आणि पाच महिन्यांत १.२ वरून १.६, हे दोन वेगळे आजार असू शकतात, आणि डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला हेच हवं असतं.

घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी न्या, यादी नको. यादीत गुडघेदुखीची गोळी, पित्ताची पुडी आणि जिममधली क्रिएटिनची पावडर हमखास राहून जाते. पहिली किडनीला इजा करते, तिसरी नुसता आकडा वाढवते. डॉक्टरांनी पिशवी उघडूनच पाहिली नाही, तर आम्ही दुसऱ्या भेटीचा पुन्हा विचार करू.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात किडनीची लांबी लिहिलेली आहे ना, बघा. प्रौढांत ती साधारण ९ ते १२ सेंटिमीटर असते. लहान, आक्रसलेली किडनी जुना आजार दाखवते. मधुमेहात मात्र आजार पुढे जाऊनही ती नेहमीएवढीच दिसू शकते, तेव्हा 'साइज नॉर्मल' वाचून निश्चिंत होऊ नका. घरचा रक्तदाब आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं बसून मोजून लिहून न्या.

२४ तासांची लघवी सांगितली असेल, तर सुरुवात इथेच चुकते. सकाळी ७ ला उठून केलेली पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला केलेली शेवटची, तीही डब्यात. पहिली टाकायची राहिली की आकडा फुगतो, मधली एक विसरली की उतरतो.

प्रश्न : नव्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी रामिप्रिल दिलं. तीन आठवड्यांत क्रिएटिनिन १.८ वरून २.१ झालं. औषध बाधलं, डॉक्टर बदलावा का?

उत्तर : नाही. ही वाढ सुमारे १७ टक्के. या गटातली औषधं गाळणीच्या आतला दाब उतरवतात, त्यामुळे सुरुवातीला ३० टक्क्यांपर्यंत वाढ अपेक्षितच असते. दाब उतरतो म्हणून तर किडनी पुढे जास्त टिकते. त्याच रक्तात पोटॅशियम पाहिलं का, हे विचारा. वाढ ३० टक्क्यांपुढे गेली तर कारण शोधावं लागतं : अंगातलं पाणी कमी झालं, सोबत वेदनाशामक चालू आहे, किंवा किडनीची धमनी अरुंद आहे. उलट्या-जुलाब झाले तर हे औषध तात्पुरतं थांबवायचं का, ते आजच विचारून लिहून ठेवा.

प्रश्न : वडिलांचा ईजीएफआर १८. त्रास काहीच नाही, तरी डॉक्टर फिस्टुलाचं ऑपरेशन आणि प्रत्यारोपणाची तपासणी म्हणतात. घाई तर नाही?

उत्तर : घाई वाटत नाही. फिस्टुला म्हणजे हाताची धमनी आणि शीर जोडणं. शीर जाड होऊन डायलिसिसच्या सुईला तयार व्हायला निदान सहा ते आठ आठवडे लागतात, कधी काही महिने, आणि काही फिस्टुला पहिल्या खेपेला पिकतच नाहीत. आधी केला नाही तर मानेत कॅथेटर घालून डायलिसिस सुरू करावं लागतं, आणि तिथे संसर्गाचा धोका बराच जास्त. ऑपरेशन नेमकं कधी, हे घसरणीच्या वेगावर ठरतं. तो वेग काय धरला, हे विचारा. प्रत्यारोपणाची तपासणी मात्र २० च्या आसपास सुरू व्हायलाच हवी. दाता घरातला असेल, तर डायलिसिसवर न जाताही प्रत्यारोपण होऊ शकतं.

आज करायचं ते असं : वडील उजव्या हाताने कामं करणारे असतील तर फिस्टुलासाठी डावा हात राखून ठेवा. त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. लॅबमधला माणूस सवयीने तोच हात ओढतो, तेव्हा 'दुसऱ्या हाताला घ्या' हे वडिलांना स्वतः सांगता आलं पाहिजे.