टर्मिनलवरून राउंडअप चालतं, पण ऑफिसात कोणालाच उघडत नाही: अपाचे बसवावंच लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या आयटी पार्कात आठ जणांचं ऑफिस, बग्जची यादी आजवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. आता एका जुन्या उबुंटू मशीनवर राउंडअप हा बग ट्रॅकर, म्हणजे बग नोंदवून त्यांचा माग ठेवणारा प्रोग्रॅम, टाकलाय. त्या मशीनवर दिसतं, बाकीच्यांना दिसत नाही. टर्मिनल बंद केलं की सगळंच बंद.

अपाचे, म्हणजे वेगळा वेब सर्व्हर, लागत नाही. राउंडअपसोबत स्वतःचा वेब सर्व्हर येतो आणि आठ माणसांना तो पुरून उरतो. धरमपेठेत आमच्याकडे हेच चालून राहिलंय. राउंडअपच्या दमाची शंका असेल तर पायथॉन भाषेचा स्वतःचा बग ट्रॅकर २००७ पासून त्यावरच होता, २०२२ मध्ये तो गिटहबवर गेला.

आधी न दिसण्याचं बघू. ‘राउंडअप-सर्व्हर’ काही न सांगता सुरू केला तर तो फक्त लोकलहोस्टवर, पोर्ट ८०८० वर ऐकतो. म्हणजे त्याच मशीनवरून आलेली विनंती घेतो, शेजारच्या टेबलावरची नाही. कमांडमध्ये ‘डॅश एन’ देऊन पुढे मशीनचा आयपी लिहा, किंवा सगळ्या नेटवर्क कार्डांवर ऐकायचं असेल तर ०.०.०.०. ‘डॅश पी’ने पोर्ट बदलतो. शेवटी ट्रॅकरचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता. पोर्ट ८० चा मोह टाळा, १०२४ च्या खालच्या पोर्टांसाठी लिनक्स रूटचे, म्हणजे मशीनच्या सर्वेसर्वा युजरचे, अधिकार मागतं आणि एवढ्याशा कामाला रूट कशाला? मशीनवर यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू असेल तर ८०८० फक्त ऑफिसच्या नेटवर्कपुरतं उघडा. राउटरमध्ये या मशीनचा आयपी कायमचा राखून ठेवा, नाहीतर एखाद्या सोमवारी पत्ता बदललेला सापडेल.

एवढं केल्यावर पान उघडेल, आणि बहुतेक लोक इथेच अडकतात. पान दिसतं, पण लॉगिन किंवा नवी नोंद पाठवली की नकार येतो. कारण ट्रॅकरच्या फोल्डरातल्या कॉन्फिग फाइलमध्ये, ‘ट्रॅकर’ विभागात, ‘वेब’ नावाची ओळ असते. तिथे बहुधा अजून लोकलहोस्टच लिहिलेलं असेल. फॉर्म कुठल्या पत्त्यावरून आला हे राउंडअप या ओळीशी ताडून बघतं, जुळलं नाही तर घेत नाही. म्हणून लोक ब्राउझरमध्ये जो पत्ता टाकतात तोच तिथे हवा: आयपी, पोर्ट, ट्रॅकरचं नाव, आणि शेवटी तिरकी रेघ. ती शेवटची रेघ सोडू नका. ईमेलमधल्या लिंकाही याच ओळीवरून बनतात. बदलल्यावर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करा.

ईमेलवरून आठवलं. मेल सर्व्हर अजून लावला नसेल तर ‘मेल’ विभागात ‘डीबग’समोर एका फाइलचं नाव द्या. मग राउंडअप मेल पाठवण्याऐवजी त्या फाइलीत लिहितं. सुरुवातीच्या खटपटीत क्लायंटला भलतेच मेल जाणार नाहीत.

आता टर्मिनलचं. ते बंद झालं की त्यातल्या प्रोग्रॅमलाही थांबायचा सिग्नल जातो, त्यात राउंडअपचा दोष नाही. टीमक्समध्ये, म्हणजे खिडकी बंद झाली तरी सत्र चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवलं तर तग धरेल. राउंडअपचा स्वतःचा ‘डॅश डी’ पर्यायही आहे, पीआयडी फाइल (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक लिहून ठेवणारी) देऊन सर्व्हर मागे ढकलायचा. त्यासोबत ‘डॅश एल’ने लॉग फाइल द्यावीच लागते. पण माझं मत विचाराल तर दोन्ही तात्पुरतेच. नवतपात दुपारी लाइन गेली, यूपीएसही बसला, की परत आल्यावर ती कमांड कोण मारणार? तुम्ही सुट्टीवर असाल तर कोणीच नाही.

म्हणून सिस्टमडीची, म्हणजे मशीन सुरू होताच प्रोग्रॅम चालवणाऱ्या उबुंटूच्या व्यवस्थेची, एक छोटी सर्व्हिस फाइल लिहा. तिच्यात ‘डॅश डी’ वापरू नका. सर्व्हर मागे न ढकलता पुढेच चालू द्या, म्हणजे तो पडला तर सिस्टमडीला कळेल आणि ‘रीस्टार्ट’ची ओळ कामाला येईल. प्रोग्रॅमचा पत्ता मुळापासून पूर्ण लिहा, विशेषतः पायथॉनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवलं असेल तर. वेगळा युजर बनवून त्याच्या नावाने चालवा आणि ट्रॅकरचं अख्खं फोल्डर त्याच्या मालकीचं करा. एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस वापरत असाल तर नुसत्या डेटाबेस फाइलीवर लिहिण्याची परवानगी पुरत नाही, ती जिथे आहे त्या फोल्डरावरही लागते, कारण लिहिताना ते शेजारी जर्नल फाइल बनवतं. मग सर्व्हिस ‘एनेबल’ करा, नुसती ‘स्टार्ट’ नाही. काही बिनसलं तर लॉग दाखवणारी ‘जर्नलसीटीएल’ कमांड सगळं सांगते. आणि मशीनच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते, तीही चालू करा. ती नसेल तर मशीनच झोपलेली राहील, सर्व्हिस काय करणार!

बाहेरून, घरून वापरायचं म्हणत असाल तर राउटरमध्ये ८०८० थेट उघडू नका. व्हीपीएन घ्या, किंवा राउंडअपच्या पुढे एन्जिनेक्स हा वेब सर्व्हर बसवून एचटीटीपीएस लावा. तेव्हा ‘वेब’ची ओळ पुन्हा बदलावी लागेल. त्याआधी स्कीमा फाइल उघडून ‘अनॉनिमस’ भूमिकेला, म्हणजे लॉगिन न केलेल्या माणसाला, काय-काय दिसतं ते वाचा, ऑफिसात चालून जातं ते बाहेर चालत नाही.

बॅकअपसाठी रात्री सर्व्हिस थांबवून ट्रॅकरचं पूर्ण फोल्डर दुसऱ्या मशीनवर कॉपी करा. एसक्यूलाइट असेल तर डेटाबेस, जोडलेल्या फाइली आणि कॉन्फिग सगळं त्यातच असतं.