मुठीत लपवलेला निखारा

काळाचौकी, मुंबई

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू गॅलरीच्या टोकाला उभा होतास. दिवा बंद होता, तरी तू काय करतोयस ते मला खालून कळलं. सिगारेट चिमटीत धरून निखारा तळहाताकडे वळवला होतास. चाळीतली पोरं अशी ओढत नाहीत. अशी ओढतो तो फौजी, कारण रात्री पिकेटवर, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीवर, तो लाल ठिपका फार लांबून दिसतो आणि समोरच्याला नेम धरायला तेवढा पुरतो. हे तुला पलटणीत कुणीतरी शिकवलं असणार. मलाही शिकवलं होतं. पेन्शनवर येऊन तेरा वर्षं झाली तरी लालबागच्या रस्त्यावर, भर दुपारी, मी तशीच मूठ करून ओढत होतो.

तुझ्या आईला मी काही सांगणार नाही. पण तुझी सुट्टी संपायच्या आत तुझ्याशी बोलायचं आहे. समोर बसून जमणार नाही, म्हणून लिहितोय.

१९८६ साली बेळगावला भरती झालो तेव्हा मी सुपारीचं खांडही तोंडात टाकत नव्हतो. ट्रेनिंगला मधली विश्रांती व्हायची. बिडीवाले मैदानाच्या कडेला जायचे आणि त्यांना कुणी हटकायचं नाही. न ओढणारे आम्ही रिकामे दिसायचो, मग टार्गेट उचला, पाणी आणा, झाडू मारा. दोन महिन्यांनी मीही कडेला जाऊन उभा राहिलो. आधी नुसती पेटती बिडी हातात धरायचो. खरी लागली ती काश्मीरमध्ये. सेंट्री ड्यूटीवर झोप येऊ नये म्हणून एक, उतरल्यावर बोटं थरथरायची म्हणून एक. एकच सिगारेट तिघांत फिरायची. ज्याच्या ओठांची ओल लागलेली सिगारेट आपण ओढतो, त्याच्यासाठी माणूस गोळी झेलायलाही तयार होतो. ते नातं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. म्हणून तर तुझ्यावर ओरडत नाही.

पण आम्ही सगळे एक वाक्य म्हणायचो, ‘सिगारेटशिवाय इथं माणूस टिकणार नाही.’ ते वाक्य खोटं होतं आणि ते खोटं पाडणारा माणूस आमच्याच पोस्टवर होता. वायरलेसवरचा एक शीख जवान. तीच थंडी, तीच जागरणं. आम्ही बाहेर ओढायला गेलो की तोही यायचा, चहाचा मग दोन्ही हातांत धरून आमच्यात उभा राहायचा, आमच्याइतकाच हसायचा आणि आमच्याबरोबरच आत जायचा. त्याला ती पाच मिनिटं मिळायची, ती सोबतही मिळायची. धूर तेवढा नसायचा.

फौजेत तंबाखू आपोआप आलेली नाही, ती वाटली गेली आहे. १९१४ च्या नाताळात ब्रिटनच्या राजकन्या मेरीच्या नावानं सैनिकांसाठी पितळी डब्या काढल्या होत्या. गोऱ्यांच्या डबीत तंबाखू आणि सिगारेटी. बहुतेक हिंदी शिपायांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाले. शिखांना मात्र फक्त खडीसाखर आणि मसाले, कारण त्यांना तंबाखू वर्ज्य. खंदक तेच आणि लढाईही तीच. अमेरिकेच्या फौजेत तर शिध्याच्या पाकिटातच सिगारेटी असायच्या, त्या १९७५ मध्ये बंद झाल्या. तोवर किती पिढ्यांना सवय लागून गेली असेल, त्याचा विचार केला की अजून पोटात तुटतं.

शरीराचं थोडक्यात सांगतो. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. दोनेक तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, माणूस अस्वस्थ होतो आणि पुढची पेटवली की शांत वाटतं. आपण समजतो ताण गेला. तो ताण मागच्या सिगारेटनंच आणलेला असतो. शिवाय धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. उंचीवर जिथे मुळात हवा विरळ, तिथे आपण आपल्याच रक्तातली जागा धुराला देत होतो. हे मला नोकरीत कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, ठाऊक नाही. तू ऐक.

२००३ साली पेन्शनवर आलो तेव्हा वाटलं, वर्दी उतरली की सवयही उतरेल. पहिल्यांदा नऊ दिवस टिकलो. मग एटीएमवर रात्रपाळीची गार्डची नोकरी लागली. पुन्हा रात्र, पुन्हा एकटा पहारा. पहाटे चारला हात आपोआप खिशाकडे गेला. दुसऱ्या खेपेला सिगारेट सोडून तंबाखू मळायला लागलो आणि वर्षभर लोकांना अभिमानानं सांगत फिरलो की मी सोडली. दाढ दुखायला लागली तेव्हा डॉक्टरांनी तोंडात टॉर्च मारून एवढंच विचारलं, ‘हे सोडणं झालं का?’ तिसऱ्यांदा अकरा महिने झाले होते. पलटणीतले जुने सोबती भेटले, एकानं पेटवून माझ्याकडे पुढे केली. एकच झुरका. महिन्याभरात पाकीट खिशात परत आलं.

त्या काळात मी रोज परळला टाटा हॉस्पिटलच्या बाजूनं चालत जायचो. फुटपाथवर बिहारची, बंगालची, आपल्या विदर्भातली कुटुंबं पथारी टाकून बसलेली असतात, हातात रिपोर्टची प्लॅस्टिकची पिशवी. तिथून मान खाली घालून पुढे जायचो आणि पुढच्या वळणावर पेटवायचो. भीतीनं सिगारेट सुटत नाही रे. भीती वाटली की फौजी आधी सिगारेटच शोधतो.

चौथ्यांदा, २०१६ मध्ये, पहिल्यांदाच मदत मागितली. क्लिनिकमधल्या बाईंनी विचारलं, ‘उठल्यावर पहिली किती वेळात?’ म्हटलं, चूळ भरायच्या आधी. त्यांनी निकोटिनची गोळी दिली, चघळायची. मी ती च्युइंगगमसारखी कचाकचा चावली आणि उचक्या लागल्या. हळू चावायची, जीभ चुरचुरली की गालात ठेवून द्यायची. चहानंतर पंधरा मिनिटं थांबायचं. पहिले तीन दिवस फार वाईट गेले, तुझ्या काकूवर विनाकारण खेकसलो. पण तलफ पाचेक मिनिटांतच ओसरते, घड्याळ लावून बघितलंय. आणि मग तो शीख जवान आठवला. मी रात्रपाळीची विश्रांती सोडली नाही. ठरल्या वेळी बाहेर यायचो, चहाचा मग दोन्ही हातांत धरायचो, शेजारच्या दुकानाच्या वॉचमनशी बोलायचो आणि आत जायचो. तेव्हापासून ओढलेली नाही.

तुझी अग्निवीरची चार वर्षं आहेत. पुढे ठेवून घेतलं तरी ठीक, परत आलास तरी ठीक. पण परत आलास तर ही सवयही सामानात येईल आणि इथल्या टपरीवर तिला रोज खाणं मिळेल. आत्ता तुझ्या दिवसाला चार-पाच होत असतील. माझ्या वीस व्हायच्या. आत्ता सोपं आहे. पलटणीत मित्र बाहेर निघाले की त्यांच्याबरोबर जरूर जा, रिकाम्या हातानं जाऊ नकोस एवढंच. एमआय रूमच्या, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यातल्या, डॉक्टरला सांगायला लाजू नकोस. पाकिटावरच तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, फुकट आहे. घसरलास तर मला फोन कर, रात्री दोनलाही उचलतो, तुला माहीतच आहे मला झोप कमी.

सोमवारी तुला वांद्रे टर्मिनसला सोडायला मी येतोय. आईला सांग, डबा तिचा, थर्मास माझा. माझा जुना स्टीलचा मग तुझ्या पाठीवरच्या पिठूत बसतो का बघ, तो तुला द्यायचा आहे.

तुझा,
तळमजल्यावरचा काका