दुसरी वारंवारता ऊर्जा घटवते, तरीही ती लिनॅकमध्ये का लागते

आपला प्रश्न असा आहे: मुख्य लिनॅक (इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत ऊर्जा देत नेणारा प्रवेगक) 1.3 गिगाहर्ट्झवर चालत असताना 3.9 गिगाहर्ट्झची कॅव्हिटी (व्होल्टेजची लहर ज्यात उभी करतात ती पोकळी) बसवून तिचा फेज (लहरीच्या कोणत्या टप्प्यावर इलेक्ट्रॉन येतात ते) मुद्दाम ऊर्जा घटवणाऱ्या बाजूला का ठेवतात, आणि त्यापेक्षा मुळात बंचच (इलेक्ट्रॉनांचा पुंजकाच) आखूड का करत नाहीत?

दुसरा भाग आधी घेतो. गनजवळ, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथून निघतात तिथे, त्यांची ऊर्जा फार कमी असते. तिथे तेवढाच विद्युतभार आखूड बंचमध्ये कोंबला, तर इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणामुळे इमिटन्स (शलाकेचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या झोताचा, रुंदी आणि दिशा यांतला पसारा) वाढते, आणि असे वाढलेले इमिटन्स पुढे पूर्णपणे सावरणे सहसा जमत नाही. म्हणून सुरुवातीला बंच लांबच ठेवतात आणि ऊर्जा वाढून प्रतिकर्षणाचा जोर ओसरल्यावर चार द्विध्रुवी चुंबकांच्या शिकेनमधून (वळणाच्या मार्गातून) त्याला दाबतात. तिथे जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कमी वळतात, त्यांचा मार्ग आखूड होतो आणि मागचे पुढच्यांना गाठतात. हे दाबणे नीट व्हायचे, तर बंचच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऊर्जा सरळ रेषेत बदलत गेली पाहिजे.

अडचण इथेच आहे, कारण आरएफ (रेडिओ वारंवारतेचे) व्होल्टेज कोसाइन वक्राप्रमाणे बदलते. 2.856 गिगाहर्ट्झच्या लिनॅकमध्ये 10 पिकोसेकंद लांबीचा बंच सुमारे 10 अंश व्यापतो. तो नेमका शिखरावर ठेवला, तरी त्याच्या दोन्ही टोकांना मध्यापेक्षा सुमारे 0.4 टक्के कमी ऊर्जा मिळते. आकडा किरकोळ वाटतो, पण शिकेननंतर याच वाकामुळे थोड्या इलेक्ट्रॉनांचा उंच सुळका आणि मागे लांब शेपूट तयार होते, आणि त्या शेपटीचा एफईएलला (मुक्त इलेक्ट्रॉन लेसरला) फारसा उपयोग होत नाही.

वक्रता वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे या युक्तीचे मर्म आहे. त्यामुळे तिसऱ्या हार्मोनिकला (मुख्य वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेला) मुख्य व्होल्टेजच्या एक नवमांश आणि चौथ्याला एक षोडशांश व्होल्टेज दिले, की विरुद्ध दिशेची तेवढीच वक्रता मिळते. ऊर्जा घटण्याचा तोटा एवढाच आहे, आणि माझ्या मते हा सौदा स्वस्तात पडतो. अमेरिकेतील एलसीएलएस या एफईएलमध्ये 2.856 च्या चौपट, म्हणजे 11.424 गिगाहर्ट्झची सुमारे 60 सेंटीमीटरची एकच संरचना हे काम करते, तर जर्मनीतील फ्लॅश या एफईएलमध्ये 2010 पासून अमेरिकेतील फर्मीलॅब या प्रयोगशाळेने बांधलेले, चार कॅव्हिटींचे 3.9 गिगाहर्ट्झ मॉड्यूल आहे.

मग आणखी वरचे हार्मोनिक का घेऊ नये? वारंवारता वाढली की संरचनेचे छिद्र लहान होते, आणि आडवे वेकफील्ड (बंचच्या पुढच्या भागामुळे मागच्या भागावर येणारे क्षेत्र) ढोबळमानाने वारंवारतेच्या घनाप्रमाणे वाढते. शलाका जराशी मध्यापासून सरकली, तरी बंचचे शेपूट एका बाजूला फेकले जाते. फेजची शिस्तही कडक होते, कारण 11.424 गिगाहर्ट्झवर एक अंश म्हणजे जेमतेम 0.24 पिकोसेकंद. सर्व वारंवारता एकाच मास्टर ऑसिलेटरला (सर्वांना ताल देणाऱ्या घड्याळाला) बांधलेल्या हव्यात, पण प्रत्येक वारंवारता मुख्य वारंवारतेची पूर्ण पट असलीच पाहिजे असे नाही. स्वित्झर्लंडच्या स्विसएफईएलमध्ये 142.8 मेगाहर्ट्झ हा पाया असून त्याच्या 21, 40 आणि 84 पटींवर अनुक्रमे एस, सी आणि एक्स बँड (चढत्या वारंवारतेचे तीन पट्टे) चालतात.

प्रत्यक्ष जुळवणीत आधी हार्मोनिकचा फेज फिरवून शलाकेची ऊर्जा किमान कुठे होते ते शोधावे, आणि व्होल्टेज वाढवताना घटलेली ऊर्जा मुख्य लिनॅकमधून भरून काढावी, नाहीतर शिकेनमध्ये मार्गच बदलतो. आडवी लाथ देणारी डिफ्लेक्टिंग कॅव्हिटी आणि द्विध्रुव चुंबक यांच्या पुढच्या पडद्यावर एका अक्षावर वेळ आणि दुसऱ्यावर ऊर्जा दिसते. तिथली केळ्यासारखी आकृती व्होल्टेज वाढेल तशी सरळ होत जाते. मात्र ती अगदी सरळ झाली म्हणून थांबू नये. शिकेनची स्वतःची दुसऱ्या क्रमाची वक्रता आरएफच्या वाकाच्याच दिशेला भर घालते, त्यामुळे शिकेनपूर्वी आकृती किंचित उलट वाकलेली असावी लागते. अंतिम निवाडा दाबलेल्या बंचच्या विद्युतप्रवाहाच्या आलेखावरच करावा.

आपले यंत्र स्टोरेज रिंग (इलेक्ट्रॉनांना बंद कड्यात फिरवत ठेवणारे यंत्र) असेल, तर हे आकडे तिथे लावू नयेत. स्वीडनमधील मॅक्स 4 या रिंगमध्ये 100 मेगाहर्ट्झच्या जोडीला असलेल्या 300 मेगाहर्ट्झच्या कॅव्हिटी बंच दाबण्यासाठी नसून लांबवण्यासाठी आहेत. तिथे बंचजवळचा व्होल्टेजचा उतार सपाट केला जातो, इलेक्ट्रॉनांची दाटी कमी होते आणि टाउशेक विखुरणामुळे (बंचमधल्या इलेक्ट्रॉनांच्या आपसातील टकरींमुळे) घटणारे शलाकेचे आयुष्य वाढते.