‘दोन महिने रेटून काढू दे का?’ : आजारपणाची रजा घेण्याआधी

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या चौथ्या सेमिस्टरला आहे, हॉस्टेलवर राहते. मागच्या सेमिस्टरपासून तिची झोप उडाली, वर्गात जाणं कमी होत गेलं, एका विषयात केटी लागली (विषय राहिला). मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान केलं आहे. औषधं सुरू होऊन तीन आठवडे झाले. शक्य असेल तर ही टर्म सोडा, असं डॉक्टर म्हणतात. तिच्या बाबांचं म्हणणं, परीक्षेला दोनच महिने उरलेत, तेवढे रेटून काढू दे, मग सुट्टीत आराम आहेच. वर्ष गेलं तर कॅम्पस इंटरव्ह्यूला काय सांगायचं, याचीही काळजी वाटते. ती स्वतः एवढंच म्हणते, “मला परत जायचंय, पण आत्ता नको.” काय करावं?
– एक आई

उत्तर :

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात मुलीचं एकच वाक्य आहे, पण मला सगळ्यांत जास्त माहिती त्यातूनच मिळाली. इंजिनिअरिंग नको, असं ती म्हणत नाहीये. त्यामुळे शाखा चुकली का, कॉलेज बदलावं का, हे विषय सध्या घरात काढूच नका. नैराश्य ऐन भरात असताना असे मोठे निर्णय शक्यतो पुढे ढकलावेत, हे तुमचे डॉक्टरही सांगतील.

माझं मत विचाराल, तर तिने रजा घ्यावी. आणि ती आत्ता, परीक्षेआधी, रीतसर अर्ज करून घ्यावी.

बाबांचा हिशोब वरवर बरोबर दिसतो, कारण तो कॅलेंडरवर मांडलेला आहे. औषधाचं वेळापत्रक वेगळं असतं. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम जाणवायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला ६ ते ८ आठवडेही जाऊ शकतात. मधल्या काळात डोस कमीजास्त होतो, कधी औषधच बदलावं लागतं. म्हणजे ज्या दोन महिन्यांत तिने सबमिशन, ओरल आणि लेखी परीक्षा उरकायची, नेमक्या त्याच दोन महिन्यांत डॉक्टर तिची औषधं बसवत असतील. शिवाय एकाग्रता आणि स्मरणशक्ती मंदावणं हा या आजाराचाच भाग आहे. पुस्तक उघडून तासभर बसूनही पान उलटलं जात नाही, याला आळस म्हणू नये. सुट्टीतल्या आरामाबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्या : बरं वाटायला लागल्यावरही औषधं सहसा किमान सहा महिने चालू ठेवतात. ‘सुट्टीत बरी होईल आणि विषय संपेल’ असं घडण्याची शक्यता कमीच.

आता रेटलंच, तर काय होतं? हजेरी आधीच घसरलेली आहे, त्यामुळे टर्म ग्रँट न होण्याचा, म्हणजे परीक्षेलाच बसू न देण्याचा धोका आहे. तो टळला तर चार-पाच विषयांत केटी. त्या पुढच्या सेमिस्टरच्या डोक्यावर बसतात आणि मग इयर डाउन. वर्ष तसंही जातंच. फरक एवढाच की गुणपत्रिकेवर नापासांची रांग राहते आणि मुलीला वाटत राहतं की आपण हुशार नाही. अधिकृत रजेत वर्ष जाईल, पण त्या सेमिस्टरचे गुण सहसा लागतच नाहीत. शिक्षणातल्या खंडाचं कारण नंतर एका वाक्यात सांगता येतं. पाच नापास विषयांचं कारण सांगायला मात्र बराच वेळ जातो, आणि ऐकणाऱ्याला तेवढा धीर नसतो.

इथे बरेच पालक दोन गोष्टींची गल्लत करतात. मेडिकल सर्टिफिकेट देऊन हजेरीत सवलत मागणं वेगळं आणि रजा घेणं वेगळं. सवलत मिळाली तर परीक्षेला बसावं लागतं. ती सोय टायफॉइड होऊन पंधरा दिवस बुडालेल्या मुलासाठी ठीक आहे. रजेत ती टर्मच थांबते. ऑफिसमध्ये गेल्यावर ‘सर्टिफिकेट आणलंय’ एवढंच म्हणालात, तर समोरचा माणूस सवलतीचा फॉर्म पुढे करण्याची शक्यता दाट. तेव्हा शब्द स्पष्ट वापरा : या टर्मची वैद्यकीय रजा हवी आहे.

अर्ज मुलीच्या नावाने, तिच्या सहीने जाऊ दे. ती सज्ञान आहे, आणि तिचा निर्णय तिला स्वतःच्या हातात दिसणं उपचाराच्या दृष्टीनेही बरं. तुम्ही सोबत जा, रांगेत उभ्या राहा, पण बोलू तिला द्या. तिला तेवढंही झेपत नसेल, तर प्राधिकारपत्र घेऊन तुम्ही जा. आणि एक गोष्ट यापेक्षा महत्त्वाची : जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार ती बोलून दाखवत असेल, तर अर्जाबिर्जाची वाट न बघता तिला आजच घरी आणा आणि डॉक्टरांना कळवा. कागद मागाहून होतात. मागील तारखेपासून रजा मंजूर होऊ शकते का, हे तेव्हा विचारता येईल.

डॉक्टरांचं पत्र नीट लिहून घ्या. ‘विश्रांतीची गरज आहे’ या एका ओळीने कुणाचंच समाधान होत नाही. रुग्ण कधीपासून उपचार घेत आहे, सध्या नियमित अभ्यासक्रम पूर्ण करणं वैद्यकीयदृष्ट्या शक्य नाही, रजा अंदाजे कुठपासून कुठपर्यंत हवी आणि पुन्हा तपासणी कधी होईल, एवढं त्यात हवंच. आजाराचा सगळा इतिहास मात्र लिहायची गरज नसते. निदानाचं नाव घालायचं की नाही, हे आधी नियम वाचून आणि मुलीला विचारून ठरवा. हा कागद विभागातल्या किती टेबलांवरून फिरेल याचा नेम नाही, म्हणून शक्य असेल तिथे तो बंद पाकिटात थेट प्राचार्यांकडे किंवा कुलसचिव कार्यालयात द्या.

अर्ज देण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा, कारण बहुतेकांची फसगत तिथे होते : तिने सोडलेले विषय पुन्हा कधी शिकवले जाणार? अनेक विषय वर्षातून एकदाच, सम किंवा विषम सेमिस्टरमध्येच असतात. चौथं सेमिस्टर सोडलं तर सहा महिन्यांनी कॉलेजात पाचवं चालू असेल, चौथं नाही. म्हणजे एका सेमिस्टरची रजा प्रत्यक्षात एका वर्षाची होते. हे आधी कळलं तर त्या रिकाम्या सेमिस्टरमध्ये राहिलेली केटी काढता येईल का, एखाद-दुसरा विषय घेऊ देतील का, हे बोलून ठेवता येतं. त्याच बैठकीत हेही विचारा, की परत येईपर्यंत अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलला तर तिला जुना लागू होईल की नवा, आतापर्यंतच्या अंतर्गत परीक्षांचे आणि टर्म वर्कचे गुण धरले जातील का, आणि पदवी पूर्ण करण्याच्या कमाल मुदतीत रजेचा काळ मोजतात का. फीचा परतावा बहुतेक ठिकाणी तारखेप्रमाणे घटत जातो, त्यामुळे विचार करण्यात घालवलेला एकेक आठवडा महाग पडू शकतो. हॉस्टेलची खोली, शिष्यवृत्ती, विमा हेही आहेच. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेला तुम्ही स्वतः लेखी कळवा. कॉलेज कळवेल या भरवशावर राहू नका. मिळालेलं प्रत्येक उत्तर ई-मेलवर मागा. काउंटरवरच्या भल्या माणसाने तोंडी दिलेलं आश्वासन वर्षभराने त्याची बदली झाल्यावर कुणालाच आठवत नाही.

रजा हा सगळ्यांसाठी एकच उपाय आहे, असं मी म्हणत नाही. काही मुलांना कॉलेजचं वेळापत्रक आणि मित्रमैत्रिणी यांचाच आधार असतो, आणि घरी चार भिंतींत बसल्यावर ती अधिक खचतात. त्यांच्यासाठी एक-दोन विषय कमी करणं, एखादी परीक्षा पुढे ढकलून घेणं किंवा परीक्षेत जादा वेळ मागणं हे मार्ग आधी पाहावेत. तुमच्या मुलीच्या बाबतीत मी रजेकडे झुकतो ते दोन कारणांनी : डॉक्टरांनी स्वतः ते सुचवलं आहे, आणि तिला परत जायचं आहे.

रजेचा काळ कसा जावा, यावर मला तुम्हा दोघांशी जरा स्पष्ट बोलायचं आहे. रजा मंजूर झाली की पुढच्या आठवड्यात पालक चौकशीला येतात, “आता वेळ आहेच तर कोडिंगचा कोर्स लावू का? गेटची (एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेची) तयारी?” कृपा करून नको. पहिले काही आठवडे उठण्या-झोपण्याची वेळ, जेवण, रोजचं चालणं आणि ठरलेल्या दिवशी डॉक्टरांची भेट एवढंच वेळापत्रक पुरे. पण दुसऱ्या टोकाला जाऊन ‘तिला काही सांगू नका, पडून राहू दे’ हेही नको. नैराश्यात माणूस हालचाल कमी करतो आणि त्याने मन आणखी खालावतं, म्हणून रोज थोडं काहीतरी ठरवून करणं हा उपचाराचाच भाग असतो. अभ्यासाकडे वळायचं ते बरं वाटू लागल्यावर, एका विषयाने, आणि तिने काढला तर.

कॅम्पसबद्दल. काही कंपन्यांच्या निकषांत शिक्षणातल्या खंडावर मर्यादा असते, हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण ‘चालू बॅकलॉग नसावा’, म्हणजे एकही केटी बाकी नसावी, ही अट त्याहून सर्रास दिसते. फॉर्ममध्ये खंड विचारला असेल तर खरा लिहावा आणि रजेचा मंजुरी आदेश जपून ठेवावा. मुलाखतीत उत्तर छोटं असावं : “प्रकृतीच्या कारणाने अधिकृत रजा घेतली होती, उपचार घेतले, परत येऊन पुढची सेमिस्टर नियमित पूर्ण केली.” आजाराचं नाव सांगायला ती बांधील नाही. तिने तिथे थांबावं आणि पुढचा प्रश्न येऊ द्यावा. बहुतेक वेळा तो प्रोजेक्टबद्दलचा असतो.

परदेशात शिकणाऱ्या मुलांचे पालकही असंच विचारतात, म्हणून जाता जाता : तिथे रजेच्या आधी व्हिसा बघावा लागतो. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर वैद्यकीय कारणाने कमी विषय घेण्याची, गरज पडल्यास एकही न घेण्याची मुभा मिळू शकते, पण एका पदवी-स्तरावर एकूण १२ महिन्यांपर्यंतच. ती परवानगी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागातल्या अधिकृत अधिकाऱ्याकडून विषय सोडण्याआधी घ्यावी लागते. आधी विषय सोडून मग ऑफिसात गेलं, की प्रकरण अवघड होतं.

परत रुजू होणं आपोआप होत नाही, त्यासाठीही अर्ज असतो. त्याची शेवटची तारीख बऱ्याचदा टर्म सुरू होण्याच्या काही आठवडे आधीची असते आणि सोबत डॉक्टरांचं ‘अभ्यासासाठी तंदुरुस्त’ असं पत्र लागतं. ती तारीख आजच विचारून घ्या, आणि तिच्या महिनाभर आधी डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा. त्या भेटीत डॉक्टर ‘अजून थोडं थांबूया’ म्हणाले, तर रजा वाढवून मागण्याचा अर्जही त्याच मुदतीत द्यावा लागतो. परतल्यावर पहिल्या सेमिस्टरला नियम परवानगी देत असतील तर विषय कमी घ्यावेत, केटीचा विषय त्याच वेळी काढण्याचा हट्ट धरू नये. आणि औषधांची पुढची चिठ्ठी कोण देणार, घरचे डॉक्टर की कॉलेजजवळचे, हे ती हॉस्टेलवर जाण्याआधी पक्कं झालेलं असावं.