वाचकांचे प्रश्न : लांब मानेच्या डायनोसॉरांचे पूर्वज

प्रश्न : झाडपाल्यावर जगणाऱ्या अजस्र, लांब मानेच्या डायनोसॉरांचे आद्य पूर्वज लहान आणि मांसाहारी होते, असे अलीकडे वाचनात आले. केवळ हाडांवरून हे कसे ठरवतात? आणि आधी काय आले : लांब मान, वनस्पतींचा आहार की प्रचंड आकार?

उत्तर : या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या नाहीत, आणि गेल्या दशकभरातील जीवाश्म-संशोधनाचे सर्वांत मोलाचे फलित माझ्या मते हेच आहे. राक्षसी सॉरोपॉड आणि त्यांचे प्राचीन नातलग मिळून होणाऱ्या गटाला सॉरोपॉडोमॉर्फ म्हणतात. या गटाच्या अगदी सुरुवातीच्या सदस्यांपैकी सर्वांत बोलका म्हणजे दक्षिण ब्राझीलमधील रिओ ग्रांदे दो सुल राज्यात सापडलेला आणि २०१६ मध्ये जाहीर झालेला ब्युरिओलेस्टेस. सुमारे २३.३ कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी जेमतेम दीड मीटर लांबीचा होता आणि दोन पायांवर चालत असे. त्याचे दात मागे वळलेले असून त्यांच्या कडांवर करवतीसारखे बारीक दाते आहेत. मांस कापणाऱ्या दातांची ठेवण अशीच असते. पुढच्या काळातील वनस्पतिभक्षक नातलगांचे दात मात्र पानाच्या आकाराचे आणि त्यांच्या कडांवरील दाते जाड व तिरपे असतात, त्यामुळे हा फरक नजरेत भरतो.

दातांच्या साक्षीला पुढे मेंदूचीही साक्ष मिळाली. मेंदू सहसा जीवाश्मरूपात टिकत नाही, परंतु कवटीतील त्याची पोकळी टिकते. २०२० मध्ये या पोकळीच्या सीटी स्कॅनवरून ब्युरिओलेस्टेसच्या मेंदूचा आकार उभा करण्यात आला, तेव्हा डोके वेगाने हलत असतानाही नजर भक्ष्यावर स्थिर ठेवण्यास मदत करणारा अनुमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) भाग चांगला मोठा असल्याचे दिसले. त्याचाच शेजारी म्हणता येईल अशा, ब्राझीलमधल्याच सॅटर्नेलिया या प्राचीन सॉरोपॉडोमॉर्फच्या मेंदूतही हा भाग मोठा असल्याचे २०१७ मध्येच दिसून आले होते. म्हणजे पुढे सर्वांत मोठे शाकाहारी ठरलेल्या या कुळाच्या मुळाशी चपळ, डोळ्यांवर विसंबून शिकार करणारे लहान प्राणी होते, आणि हा निष्कर्ष एकमेकांपासून स्वतंत्र असलेल्या दोन पुराव्यांवर उभा असल्यामुळे मला तो भक्कम वाटतो.

आहारातला बदल त्यानंतर, मिश्र आहाराच्या टप्प्यातून झाला. अर्जेंटिनातील पॅनफॅजिया या सुरुवातीच्या सॉरोपॉडोमॉर्फचे दात अशा मधल्या अवस्थेचे आहेत. पोलंडमधील जीवाश्मरूप विष्ठेचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुरुवातीच्या शाकाहारी डायनोसॉरांच्या मानल्या गेलेल्या विष्ठेत नेच्यांसह निरनिराळ्या वनस्पतींचे आणि कोळशाचेही अंश आढळले. आहाराचा इतका थेट पुरावा हाडांतून क्वचितच मिळतो.

मानेची कथा सर्वांत गुंतागुंतीची आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत खऱ्या अर्थाने लांब मानेचा सर्वांत जुना डायनोसॉर म्हणून २०१८ मध्ये वर्णन झालेल्या ब्राझीलच्याच मॅक्रोकॉलमकडे बोट दाखवले जाई. तो सुमारे २२.५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि साडेतीन मीटर लांबीचा होता. २०२५ मध्ये मात्र अर्जेंटिनातील अँडीज पर्वतराजीतून हुआयराकर्सर पुढे आला. तो सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचा, देहाने लहानच, तरीही त्याची मान त्याच्या समकालीन नातलगांपेक्षा स्पष्टपणे लांब आहे. याचा अर्थ मान लांबण्याची प्रक्रिया आपण समजत होतो त्याहून बरीच आधी, प्रचंड देहाची चाहूलही नसताना सुरू झाली होती. मॅक्रोकॉलमच्या मणक्यांत फुप्फुसांशी जोडलेल्या हवेच्या पिशव्यांनी कोरलेल्या पोकळ्याही सापडल्या आहेत. ब्युरिओलेस्टेसमध्ये त्या नाहीत. मणके पोकळ झाले की मानेचे वजन घटते. पुढच्या सॉरोपॉडांच्या दहा-दहा मीटरच्या माना पेलण्यामागे, अन्न न चावता गिळल्यामुळे लहान राहिलेल्या डोक्याइतकाच, या पोकळ्यांचाही वाटा होता.

प्रचंड आकार शेवटी आला, आणि तोही एकाच वाटेने नाही. अर्जेंटिनातील इन्जेंशिया ट्रायासिक काळाच्या (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वी) उत्तरार्धातच सात ते दहा टनांपर्यंत वाढला होता, तर दक्षिण आफ्रिकेतील लेडुमाहाडी त्यानंतरच्या ज्युरासिक काळाच्या आरंभी सुमारे बारा टनांचा होता. या दोघांचेही वर्णन २०१८ मध्ये झाले. दोघेही खरे सॉरोपॉड नव्हेत. त्यांचे पुढचे पाय सॉरोपॉडांसारखे खांबासारखे सरळ नसून वाकलेले होते. सॉरोपॉडांसारखे पाय नसतानाही इतके वजन पेलता येते, हे या दोन सांगाड्यांनी दाखवून दिले.

या गटाचा प्रसारही लक्षात घेण्याजोगा आहे. झिंबाब्वेमध्ये सापडलेल्या आणि २०२२ मध्ये जाहीर झालेल्या म्बिरेसॉरसचा जवळजवळ पूर्ण सांगाडा सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा सर्व खंड पँजिया या एकाच भूखंडात जोडलेले होते, आणि ब्राझील, झिंबाब्वे व भारताचा प्राणहिता-गोदावरी खोऱ्याचा भाग साधारण एकाच अक्षांशपट्ट्यात येत होता. सुरुवातीचे डायनोसॉर सर्वदूर न पसरता हवामानाच्या या पट्ट्यातच बराच काळ अडकून राहिले असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे.

प्रश्न : टॅनिस्ट्रोफियसची मानही अतिशय लांब होती. तो या डायनोसॉरांचा पूर्वज मानता येईल का?

उत्तर : नाही. टॅनिस्ट्रोफियस सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचा, पाण्यात भक्ष्य पकडणारा सरीसृप होता आणि त्याची शाखा डायनोसॉरांच्या शाखेपासून फार पूर्वीच वेगळी झाली होती. मानेची घडणही निराळी आहे. त्याच्या सुमारे तीन मीटरच्या मानेत केवळ १३ मणके होते आणि त्यातील प्रत्येक विलक्षण ताणलेला होता. सॉरोपॉडांच्या वंशात मणके लांबले आणि त्यांची संख्याही वाढत गेली : मॅक्रोकॉलमसारख्या प्राचीन सदस्यांत १०, तर चीनमधील मामेंचिसॉरसमध्ये १८, आणि त्याच्या एका जातीच्या मानेची लांबी सुमारे १५ मीटर असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडण्यात आला. डायनोसॉरांच्या जवळच्या नातलगांतील लांब मान पाहायची असेल, तर २०१७ मध्ये वर्णन झालेल्या टांझानियाच्या टेलिओक्रेटरकडे पाहावे. चार पायांवर चालणारा हा मांसाहारी प्राणी डायनोसॉर नव्हता, त्याचे घोटे मगरीच्या वळणाचे होते, आणि तरीही तो पक्षी व डायनोसॉर यांच्याच बाजूच्या शाखेवर बसतो.