लांब पल्ल्याच्या कार्गो विमानाचा पायलट व्हावं का? जमीन विकण्याआधी एवढं वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा: लातूरला बारावी झाली, फिजिक्स-मॅथ्स आहे, लांब पल्ल्याच्या मालवाहू विमानांवर पायलट व्हायचंय. प्रवाशांची कटकट नाही, जग बघायला मिळतं, पगार चांगला. वडील दोन एकर विकायला तयार आहेत. करू का?

माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करतो. मी परळीजवळच्या एका गावचा. २०१९ पासून आखातातल्या एका कंपनीत बोईंग ७७७ वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या शेजारी बसणारा दुसरा पायलट, आहे आणि माझी निम्म्याहून जास्त उड्डाणं मालाची असतात. वडिलांनी जमिनीची बोलणी सुरू केली असतील तर आजच थांबव. पायलट होऊ नको असं मी म्हणणार नाही. पण तू शेवटचं काम आधी करायला निघालायस.

आधी मेडिकल. डीजीसीए म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारं सरकारी खातं. त्यांची क्लास २ ची तपासणी, आणि लगेच त्याहून कडक क्लास १ ची. डोळे, रंग ओळखणं, कान, ईसीजी, रक्त, लघवी, सगळं बघतात. चष्मा चालतो, पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर तिथेच अडतं. याला काही हजार रुपये लागतात. माझ्यासोबतच्या एका मुलाने फ्लाइंग स्कूलची फी आधी भरली, क्लास १ नंतर बघू म्हणाला, आणि त्यातच अडकला. त्याच्या घरचा पहिला हप्ता परत मिळाला नाही. ते लेकरू आज दुसऱ्याच धंद्यात आहे आणि अजून तो विषय काढला की गप्प होतं.

दुसरी गोष्ट, 'कार्गो पायलट' अशी वेगळी वाट बारावीनंतर निघत नाही. सगळ्यांना सीपीएल, म्हणजे पगारी पायलटचं लायसन्स, एकच, २०० तासांचं उड्डाण. भारतात मालवाहू विमानं आहेत, ब्लू डार्टची ७५७ आणि ७३७ आहेत, इंडिगोची माल वाहण्यासाठी बदललेली ए३२१ आहेत, पण ती देशात आणि आसपासच्या देशांत फिरतात. समुद्रं ओलांडणारी ७७७ किंवा ७४७ फ्रेटर, म्हणजे फक्त मालाची विमानं, चालवणारी भारतीय कंपनी आज नाही. म्हणजे बाहेर जावं लागणार. अमेरिकेतल्या फेडेक्स, यूपीएसला तिथे काम करण्याचा कायदेशीर हक्क आणि तिथलं लायसन्स लागतं. आपल्या पोरांना त्यातल्या त्यात जमणारी वाट आखाताची. इथे भारतातल्या एअरलाइनमध्ये काही वर्षं प्रवासी विमान चालवायचं, तास जमवायचे, १५०० तासांनंतरचं एटीपीएल, म्हणजे एअरलाइन पायलटचं वरचं लायसन्स, काढायचं आणि मग अर्ज करायचा. तिथे ७७७ च्या पायलटला एका आठवड्यात प्रवासी तर दुसऱ्या आठवड्यात माल, असं दोन्ही येतं. त्यामुळे प्रवाशांची कटकट नको हे कारण मनातून काढून टाक. पहिली सात-आठ वर्षं प्रवासीच आहेत.

पैशाचं सरळ सांगतो. सीपीएल आणि त्यावर ए३२० सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारचं विमान चालवायची परवानगी, धरलं तर खर्च ६० लाखांच्या घरात जातो, कधी पुढेही. ६० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं तर हप्ता ८० हजारांच्या वर बसतो. आणि सीपीएल हातात आलं की नोकरी लागतेच असं नाही. माझं लायसन्स २०१२ ला आलं. त्याच वर्षी देशातली एक मोठी विमान कंपनी बंद पडली आणि हजारो तास उडवलेले पायलट बाजारात आले. २०० तासांच्या पोराला कोण विचारतो? तीन वर्षं मी अंबाजोगाईत अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवलं. बाबांनी कालव्याकडेचं दीड एकर विकलं होतं. त्या तीन वर्षांत ते मला एकदाही काही बोलले नाहीत. पण त्या बांधावरून जायचं टाळायचे, लांबून वळसा घालून जायचे. तुझ्या घरी असे दोन-तीन वर्षं कमाईविना निघतील का, हे वडिलांसमोर बसून कागदावर मांड. सगळी जमीन गेल्यावर हे गणित मांडता येत नाही.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. हा धंदा रात्रीचा आहे. माल दिवसभर गोळा होतो, संध्याकाळी विमानतळावर येतो आणि रात्री उडतो.

मी सातवी-आठवीत असताना आमच्या फिडरला थ्री फेज लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीची असायची. बारा वाजता बाबा बॅटरी घेऊन गव्हाला दारं धरायला निघायचे, मागे मी. एक वाफा भरला की खोऱ्यानं माती ओढायची आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. पायाला गार चिखल, आणि लांब परळीच्या थर्मलच्या चिमण्यांवर लाल दिवे. ते विमानांसाठी असतात हे मला तिथेच कळलं, वायरमन काकांनी सांगितलं. साडेतीनच्या सुमारास बाबा खोऱ्यावर रेलून उभ्या-उभ्या डुलकी घ्यायचे. तेवढ्यात पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरायचं.

पहाटे दोन ते सहा ही ती वेळ. शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं, डोकं जड होतं, हात उशिरा चालतात. पायलटांच्या ड्युटीच्या नियमांत या वेळेचा वेगळा हिशोब धरतात, इतकी ती पक्की आहे. आम्ही नेमके त्या वेळेला ढगांतून खाली उतरत असतो. १४ ऑगस्ट २०१३ ला अमेरिकेत बर्मिंगहॅमला यूपीएसचं एअरबस ए३०० पहाटे पाचच्या आत, उतरताना धावपट्टीच्या अलीकडे आदळलं. दोन्ही पायलट गेले. तिथल्या तपास मंडळाने कारणांमध्ये थकवा लिहिला, आणि फर्स्ट ऑफिसरबद्दल लिहिलं की मिळालेला मोकळा वेळ झोपेसाठी नीट वापरला नव्हता. हे वाक्य मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं तेव्हापासून हॉटेलात गेल्यावर आधी पडद्याची फट टेपने बंद करतो, मग बूट काढतो. त्याच अमेरिकेत २०१४ मध्ये प्रवासी पायलटांसाठी विश्रांतीचे कडक नियम लागू झाले, आणि मालवाहू पायलटांना त्यातून वगळलं. मला हे आजही अन्यायाचं वाटतं. खोक्यांच्या विमानात बसलेला माणूस कमी माणूस नसतो.

लांबच्या उड्डाणात आम्ही तिघं-चौघं असतो, पाळीपाळीने मागच्या बंकमध्ये झोपतो. तरी महिनोन्महिने झोप उलटी-सुलटी होण्याची किंमत शरीर वसूल करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणारी रात्रपाळी 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकली. पासष्टीपर्यंत हे काम करायचं आहे, त्यामुळे हे लपवून तुला सल्ला देणं मला पटत नाही.

मग मी का करतो? कारण मला हे काम मनापासून आवडतं. ७७७ फ्रेटरमध्ये साधारण शंभर टन माल बसतो. इंधन जास्त घेतलं तर माल कमी घ्यावा लागतो, म्हणून हाँगकाँगहून शिकागोला जाणारी विमानं अलास्कात अँकरेजला थांबतात, तिथे इंधन भरतात. प्रत्येक उड्डाणाला हा हिशोब नवा असतो. एकदा एक दिवसाची कोंबडीची पिल्लं होती, हजारोंनी, खोक्यांत. कॉकपिटमागे चार खुर्च्या आणि बंक असतात, त्याच्या मागे मालाच्या भागात जाणारं दार. ते दार जरा उघडलं आणि एवढा चिवचिवाट आला की आम्ही दोघं एकदम गप्प झालो. त्यांच्यासाठी मागचं तापमान किती ठेवायचं हे कागदावर लिहून आलेलं होतं, आणि रात्रभर मी दर थोड्या वेळाने तो आकडा बघत होतो. घोडे असले तर चढण आणि उतरण दोन्ही हळू घ्यायची, सोबत त्यांना सांभाळणारा माणूस येतो. २०२१ च्या मे महिन्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेऊन मुंबईला उतरलो. खाली माल उतरवणारी पोरं एकेक पॅलेट अक्षरशः ढकलत पळवत होती.

धोकेही वेगळे आहेत. मागे काय भरलंय, ते कसं बांधलंय, यावर तुझा जीव असतो. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या ७४७ मध्ये लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागली, धुरात पायलटांना समोरची उपकरणं दिसेनात, दोघंही गेले. मालाच्या मुख्य डेकवर आग विझवणारा वायू सोडायची सोय बहुतेक विमानांत नसते. मालाच्या भागात जाणारी हवा तोडायची, केबिनचा दाब उतरवायचा, ऑक्सिजन मास्क लावून लवकरात लवकर खाली यायचं. २०१३ मध्ये बगरामला चिलखती गाड्या सुटून मागे सरकल्या आणि ७४७ उड्डाण घेताच कोसळलं, सातही जण गेले. म्हणून धोकादायक मालाचा कागद आणि माल चढवून बांधून घेणाऱ्या लोडमास्टरचं बोलणं मी कधी घाईत उरकत नाही.

घरचंही ऐक. बाबांचं खुब्याचं ऑपरेशन लातूरला झालं तेव्हा मी ब्राझीलमध्ये होतो. बहिणीचा फोन आला, आपल्याकडे सकाळचे साडेदहा, तिथे रात्रीचे दोन, मी युनिफॉर्म घालत होतो. मी कंपनीला फोन करून सांगितलं की आज माझी उडायची मनःस्थिती नाही. विमान थांबलं, दुसरा पायलट येईपर्यंत. हे सांगायची हिंमत तुझ्यात पाहिजे, आणि तो फोन केल्यावरही घरी पोहोचायला दोन दिवस लागतात हे सोसायची ताकदही.

आता काय करायचं ते. या महिन्यात क्लास २, ते निघालं की क्लास १. मधल्या काळात पंधरा दिवस रात्रीचं पाणी वडिलांऐवजी तू दे. लाईट दिवसाची असेल तरी रात्रभर जाग. पहाटे तीनला मेटिऑरॉलॉजीचं, म्हणजे हवामानशास्त्राचं, पुस्तक घेऊन बस, आणि दिवसा भांड्यांच्या आवाजात, शेजारच्या ट्रॅक्टरच्या आवाजात सात तास झोपून दाखव. पंधराव्या दिवशीही पहाटे वाचलेलं डोक्यात राहत असेल आणि घरच्यांवर चिडचिड होत नसेल, तर परीक्षेला बसायला लागणारा डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर काढ आणि नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्सचे पेपर घरूनच अभ्यास करून दे. पास व्हायला ७० टक्के लागतात, उड्डाण सुरू होण्याआधी देता येतात, खर्च फारसा नाही. पेपर सुटल्यावर कर्जाचं बघ, आणि लागलंच तर एक एकर. दुसरा एकर वडिलांच्या नावावर राहू दे.

मेडिकलचा रिपोर्ट आला की उत्तराखाली लिही. नेव्हिगेशनचा अभ्यास कुठून सुरू करायचा ते मी सांगतो, फक्त माझं उत्तर एखाद-दोन दिवस उशिरा येईल.