अमोनिया मोजणाऱ्या मुलीला नोकरी मिळेल का?

विट्याजवळचे एक पालक लिहितात : ‘आमचा लेयर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचा, पोल्ट्रीचा धंदा आहे. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जनावरं आणि कोंबड्यांमुळे हवेत किती वायू जातो ते मोजण्याचं शास्त्र असतं, त्यातच पुढे शिकायचं म्हणते. यात पोटापाण्याचं काही आहे का? आणि आपल्याच धंद्यावर आपलीच पोर बोट ठेवणार, हे कसं?’

नमस्कार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमच्या पत्राचा सूर तिथेच अडकलेला दिसतो.

सोयापेंडीचे भाव तुम्हाला मी सांगायला नको. त्या खाद्यातल्या प्रथिनांत असलेल्या नायट्रोजनपैकी निम्म्याहून अधिक विष्ठेत जातो. तिथल्या युरिक आम्लावर जिवाणू काम करतात आणि अमोनिया तयार होऊन उडून जातो. खत ओलं असेल तर जास्तच. म्हणजे डोळ्यांना चुरचुरतो तो तुम्ही पैसे मोजून आणलेला नायट्रोजन आहे. तो किती गेला हे कळलं तर खाद्यात काय बदलायचं, खत किती दिवसांनी काढायचं, हे ठरवता येतं. शिवाय 5,000 पक्ष्यांच्या वरच्या फार्मला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागतेच. आपल्याकडची मोजमापं नसली की हवेत किती वायू गेला याच्या हिशोबाला बाहेरच्या देशांतले सरासरी आकडे वापरले जातात. ते आपल्या उघड्या शेडला आणि आपल्या उन्हाळ्याला लागू पडतीलच असं नाही.

मोजमापावर किती काही अवलंबून असतं, हे नेदरलँड्समध्ये दिसलं. तिथे शेतकऱ्यांनी कर्ज काढून ‘कमी उत्सर्जनाचे’, म्हणजे हवेत कमी वायू सोडणारे, गोठे बांधले. कागदावर अमोनिया कमी होता, पण प्रत्यक्षात तो तेवढा कमी होतो का याची खात्री कुणी देऊ शकेना. 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्या कागदी आकड्यांवर दिलेले परवाने मान्य केले नाहीत. डेन्मार्कमध्ये तर 2030 पासून जनावरांच्या उत्सर्जनावर कर लागणार आहे. कर आला की आकड्यावरून भांडण आलंच, आणि मग नीट मोजणारा माणूस दोन्ही बाजूंना हवा असतो.

आता मुलीचं. हे काम आहे मोजणीचं, आणि बाहेरून दिसतं त्यापेक्षा ते किचकट आहे. हिवाळ्यात पहाटे शेडच्या बाजूंचे पडदे सोडलेले असतात, तेव्हा शेडमध्ये नाक धरावं लागतं. उन्हाळ्यात दुपारी पडदे वर, वारा वाहता, वास जाणवतही नाही. पण ताशी जास्त अमोनिया बाहेर पडतो तो बहुतेक वेळा उन्हाळ्यातच. शेडमधलं प्रमाण ही एक गोष्ट, आणि उत्सर्जन म्हणजे ते प्रमाण गुणिले बाहेर जाणारी हवा. पंखे लावलेल्या बंद शेडमध्ये ही हवा मोजता येते. तुमच्यासारख्या उघड्या शेडमध्ये ती मोजणं हीच खरी डोकेदुखी. पक्ष्यांच्या श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड निघतो याच्या हिशोबावरून बाहेर जाणाऱ्या हवेचा अंदाज बांधावा लागतो. त्यात अमोनिया चिकट. नळीच्या भिंतीला बसतो, नळीत पाणी धरलं तर त्यात विरघळतो, आणि यंत्र बिचारं कमी आकडा दाखवतं. म्हणून टेफ्लॉनची नळी, तीही गरम ठेवलेली.

गायी-म्हशींचा मिथेन हा वेगळाच प्रांत. तो मुख्यतः ढेकरेतून येतो. सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा खुणेचा वायू ठरावीक वेगाने झिरपवणारी छोटी नळी जनावराच्या पोटात सोडतात, नाकाजवळून बारीक नळीने चोवीस तास हवा ओढून गळ्यातल्या निर्वात डब्यात भरतात, आणि दोन वायूंच्या गुणोत्तरावरून मिथेन काढतात. रात्री म्हशीने गव्हाणीवर मान घासून नळी उपटली की त्या दिवसाचा नमुना गेला. बंगळुरूची राष्ट्रीय पशुपोषण संस्था आणि कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था इथे यावर काम होतं. पण या बाजूला शास्त्रज्ञ व्हायला पशुपोषणाची पदव्युत्तर पदवी लागते, म्हणजे केमिस्ट्रीवाल्या मुलीला तिथे प्रकल्पापुरतं काम मिळेल, पुढची शिडी अवघड. तिने अमोनियाच्या बाजूने जावं हे माझं स्पष्ट मत.

त्यासाठी एम.एस्सी. अॅनालिटिकल केमिस्ट्री, म्हणजे कशात काय आणि किती आहे ते मोजण्याचं रसायनशास्त्र. नावात ‘क्लायमेट’ असलेल्या चकचकीत कोर्सच्या मागे लागू नका. असले पदवीधर मला भेटतात, अहवाल छान लिहितात, पण यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर आकडा दाखवतं का हे तपासून जुळवणं, म्हटलं की गडबडतात. पहिल्या वर्षापासूनच सीएसआयआर-नेट या संशोधन शिष्यवृत्तीच्या राष्ट्रीय परीक्षेची तयारी सुरू करावी. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता. पुण्याची आयआयटीएम (उष्णकटिबंधीय हवामान संस्था) आणि नागपूरची नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या आपल्या राज्यातल्याच संस्था हवेतल्या घटकांवर काम करतात. अमोनियापासून हवेत सूक्ष्म कण बनतात, त्यामुळे शहराची हवा अभ्यासणाऱ्यांनाही त्याचा पत्ता हवा असतो. पीएच.डी.नंतर परदेशी जायचं झालं तर नेदरलँड्सचं वाखेनिंगेन आणि डेन्मार्कचं आरहूस ही विद्यापीठं या विषयात ठळक आहेत.

नोकरीचं खरं सांगायचं तर ‘पशुपालन उत्सर्जन मापक’ अशी जाहिरात तुम्हाला आज भारतात दिसणार नाही. प्रकल्पावरच्या जागा वर्षा-वर्षाच्या बोलीवर असतात. पण हवेचे नमुने घेणाऱ्या मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या भरत्या, औषध कंपन्यांचे गुणवत्ता विभाग, हे सगळे दरवाजे त्याच एम.एस्सी.ला उघडे राहतात. सुरुवातीचा पगार बेताचा असेल. मोठा विषय हुकला तरी पोरगी उपाशी राहणार नाही, एवढं मी खात्रीने म्हणेन.

आणि एक काम तिला याच हिवाळ्यात करू द्या. पंपाने शेडची हवा सौम्य सल्फ्युरिक आम्लातून बुडबुडे काढत न्यायची, मग इंडोफेनॉल निळ्या रंगाच्या पद्धतीने, म्हणजे रंग किती गडद येतो त्यावरून, अमोनिया मोजायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे होतं, सरांना विचारावं. पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर, खत काढण्याआधी आणि नंतर, पहाटे आणि दुपारी. सोबत तापमान, आर्द्रता आणि पडदे किती वर होते त्याची नोंद. वारा ज्या बाजूने शेडकडे येतो त्या बाजूचा एक नमुना हवाच, नाहीतर शेजारच्या फार्मचा अमोनिया तुमच्या नावावर पडेल. पुढे संस्थांना ई-मेल करताना प्रमाणपत्रांच्या आधी या नोंदींची वही स्कॅन करून जोडावी, फसलेल्या नोंदी न खोडता.